आपला माणूस कीं जाणता माणूस?

परदेशांत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांमध्यें मनाच्या आजाराविषयीं दोन मतें ऐकूं येतात. "असलीं थेरें गोऱ्या लोकांचीं, आपल्याला घरदार आहे, देवधर्म आहे, परक्याच्या खोलींत बसून रडण्याची आपल्याला गरज नाहीं," हें पहिलें. तें आतां उतरणीस लागलें आहे. दुसरें मत सुशिक्षित आणि सुधारलेलें म्हणून मिरवतें. तें म्हणतें, "गरज आहे, कबूल, परंतु मनावर उपचार करणारा मनुष्य आपलाच हवा. आपल्या देशाचा, आपल्या भाषेचा, जमल्यास आपल्या जातीचाही. परक्याला आपलें घर काय कळणार?" पहिल्या मताचा समाचार पुष्कळांनीं घेतला आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांला दुसऱ्या मताशीं भांडावयाचें आहे. कारण तें अर्धें खरें आहे, आणि त्या अर्ध्या खरेपणामुळेंच तें सहसा कोणी तपासून पाहत नाहीं.

हा प्रश्न अमेरिकेंतला, इंग्लंडांतला. त्याची चर्चा मराठी मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, १९६५ सालीं अमेरिकेनें देशवार कोट्याची जुनी पद्धति मोडून नवा कायदा केला, तेव्हांपासून आपले डॉक्टर आणि इंजिनियर तिकडे मोठ्या संख्येनें जाऊं लागले. पुढें संगणकाच्या धंद्यानें त्या पाऊलवाटेचा हमरस्ता केला. ज्यांचें एकही माणूस समुद्रापलीकडे नाहीं अशीं घरें आपल्या मध्यमवर्गांत आतां थोडीं. शिवाय रोगी न्यू जर्सींत असला, तरी त्यानें कोणाकडे जावें, किंबहुना कोठें जावें कीं जाऊंच नये, याचा निकाल पुष्कळदां पुण्या-नाशकांतल्या दिवाणखान्यांत लागतो. तेव्हां हा प्रश्न या मासिकाच्या वाचकांचाच आहे.

परक्या मानसोपचारतज्ज्ञाविरुद्ध जी तक्रार केली जाते ती निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तीस वर्षांचा मुलगा दरमहा आईबापांस पैसे पाठवितो. त्यास सांगण्यांत येतें कीं, तूं अजून आईबापांपासून सुटा झालेला नाहींस. लग्नाची गोष्ट घरीं विचारून ठरविणाऱ्या मुलीस स्वतःचें मतच नाहीं असा शेरा मिळतो. सासूशीं पटत नाहीं म्हणून रडणाऱ्या सुनेला पहिल्या तासांतच वेगळें बिऱ्हाड करण्याचा सल्ला मिळतो. जणूं नातें म्हणजे भाड्याची खोली, गैरसोय झाली कीं सोडावी! पाश्चात्त्य मानसशास्त्रानें ज्या मनुष्याचें चित्र नजरेसमोर ठेविलें, तो एकटा, आपल्या मर्जीचा मालक असा मनुष्य होता. ज्याचें 'मी' घरच्या दहा माणसांत वांटलेलें आहे, असा मनुष्य त्या चौकटींत नीट बसत नाहीं.

भाषेची अडचण तर याहून मोठी. आपला मनुष्य 'मला नैराश्य आलें आहे' असें क्वचितच म्हणतो. त्याचा जीव घाबरा होतो, छातीवर दडपण येतें, डोक्यांत मुंग्या येतात, कशांत मन लागत नाहीं. यांतल्या 'जीव' या एका शब्दाचें इंग्रजी कोणीं तरी करून दाखवावें! तो शरीर नव्हे, मन नव्हे, आत्माही नव्हे, आणि तिन्ही आहे. असा मनुष्य हृदयाच्या डॉक्टराकडे जातो, आलेख काढवितो, 'कांहीं नाहीं' असा निकाल घेऊन परत येतो, आणि दुखणें होतें तेथेंच राहतें. स्टॅन्ली सू या मानसशास्त्रज्ञांनीं सिएटल भागांतल्या मानसोपचार केंद्रांची पाहणी करून १९७७ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आशियाई वंशाचे निम्म्याच्या आसपास रुग्ण पहिल्या भेटीनंतर परत फिरकलेच नाहींत असें दिसून आलें. गोऱ्या रुग्णांत हें प्रमाण पुष्कळच कमी होतें. तेव्हां तक्रार खरी आहे. आमचा वाद आहे तो तीवर सुचविल्या जाणाऱ्या उपायाशीं.

'आपला' म्हणजे कोण? तिकडे 'दक्षिण आशियाई' असा एक शब्द रूढ झाला आहे. त्या एका शब्दांत साउथॉलचा शीख, पूर्व लंडनमधला सिल्हेटी मुसलमान, टोरोंटोंत आसरा घेतलेला जाफन्याचा तमिळ, १९७२ सालीं इदी अमीननें युगांडांतून हांकलून दिलेला गुजराती व्यापारी आणि कॅलिफोर्नियांत नोकरी करणारा नागपूरचा इंजिनियर हे सारे एकत्र कोंबलेले आहेत. यांतल्या एकाचें दुःख दुसऱ्यास जन्मतःच कळतें असें मानणें म्हणजे नकाशाला नातें समजणें होय. बरें, वर्तुळ लहान करून 'मराठी' एवढेंच धरलें तरी काय होतें? आडनांव ऐकतांच समोरच्याचा चेहरा किंचित् बदलतो कीं नाहीं हें आयुष्यभर पाहत आलेल्या दलित तरुणाला सवर्ण मराठी मानसोपचारतज्ज्ञ 'आपला' वाटावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करणार? ज्याला आडनांवांतलें कांहींच कळत नाहीं असा परकाच त्याला पहिल्या दिवशीं अधिक निर्धास्त वाटेल. अर्थात् त्या परक्यानेंही जात म्हणजे काय हें पुढें शिकून घेतलें पाहिजे. नुसत्या अज्ञानाचा आडोसा फार दिवस पुरत नाहीं.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. शहर शिकागोएवढें असो कीं लंडनएवढें, त्यांतलें आपलें गांव फार लहान असतें. ज्याच्यापुढें बुधवारीं घरचें सगळें उघडें केलें, तोच शनिवारीं मंडळाच्या गणेशोत्सवांत पंगतीला शेजारीं येतो. त्याची बायको आपल्या नणंदेची मैत्रीण निघते. तो स्वतः तोंडाचा कितीही पक्का असला तरी रोग्याचें तोंड बंद होतें. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हें ज्या समाजाचें ब्रीद, त्यांतला मनुष्य मूठ उघडणार ती गोष्ट बाहेर न जाणाऱ्या ठिकाणींच. आपले लोक मुळीं बोलतच नाहींत हा समज खोटा आहे. र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाला मराठी वाचक जे प्रश्न विचारीत, ते घरांत उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती. पत्रानें, ओळख न देतां विचारतां येतें असें दिसतांच लेखण्या चालूं लागल्या. अडचण जिभेची नव्हती, कानांची होती.

तिसरी, आणि आमच्या मतें सर्वांत मोठी, गोष्ट ही कीं, आपला मनुष्य विचारीत नाहीं. त्याला वाटतें, आपल्याला ठाऊकच आहे. सासू म्हटली कीं त्याच्या डोळ्यांपुढें त्याच्या घरची सासू उभी राहते; बाप म्हटला कीं स्वतःचा बाप. रोगी अर्ध्या वाक्यावर थांबून "तुम्हांला माहीतच आहे" म्हणतो, समोरचा मान डोलावतो, आणि जें बोलावयाचें होतें तें त्या मान डोलावण्यांत बुडून जातें. मग पदवी परदेशची आणि सल्ला आत्याबाईंचा असा प्रकार होतो: "थोडें जुळवून घे, मुलांकडे बघ, होईल सगळें ठीक." हा सल्ला घरीं फुकट मिळत होता, त्यासाठीं तासाला शेंदीडशें डॉलर मोजण्याचें कारण नव्हतें.

हें केवळ आमचें तर्कट नव्हे. कॅब्राल आणि स्मिथ या दोन अमेरिकन संशोधकांनीं या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र ताळेबंद २०११ सालीं मांडला. त्याचा निष्कर्ष असा: आपल्याच वंशाचा उपचारक मिळावा ही लोकांची इच्छा चांगली स्पष्ट असते, तसा मिळाल्यास तो कांहींसा अधिक चांगला वाटतो, परंतु गुण येण्याच्या बाबतींत एकंदरींत फरक जवळजवळ पडत नाहीं. इच्छा असणें, बरें वाटणें आणि बरें होणें या तीन निराळ्या गोष्टी आहेत. 'आपलाच हवा' म्हणणारे पहिल्या गोष्टीचा पुरावा तिसरीच्या खातीं जमा करतात.

मग परक्याला आपलें मन कळूं शकतें काय? याचें उत्तर मराठी वाचकाला दूर शोधावें लागत नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीला मागें ठेवून अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांना घर दिलें तें न्यू जर्सींतल्या रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनीं. दोघींचा पत्रव्यवहार आनंदीबाई हिंदुस्थानांत असतांनाच सुरू झाला होता. धर्म, भाषा, आचार, आहार, कांहींच समान नव्हतें. तरी आनंदीबाईंनीं त्यांना 'मावशी' मानलें, आणि १८८७ सालीं आनंदीबाई वारल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमींत, पोकीप्सी येथें, विसावली. कार्पेंटरबाई कांहीं मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. परंतु ठाऊक नाहीं म्हणून विचारावें आणि सांगितलें तें मन लावून ऐकावें, एवढें त्यांच्यापाशीं होतें. आणि तेवढ्यानें एका ब्राह्मण मुलीला परक्या देशांत नातें मिळालें.

शास्त्रांतही अशीं उदाहरणें आहेत. ॲलन रोलंड हे न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक. भारतांत व जपानांत काम करून त्यांनीं १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत असें मांडलें कीं, आपल्याकडील मनुष्याचा 'स्व' हा कुटुंबांत गुंतलेला असतो, आणि हा गुंता म्हणजे अपुरी वाढ नव्हे, वाढीचीच निराळी तऱ्हा होय. हें लिहिणारा मनुष्य आपल्यांतला नव्हता. उलट जाफर करीम हे मूळचे भारतीय. त्यांनीं १९८३ सालीं लंडनमध्यें 'नफसियत' हें मानसोपचार केंद्र काढलें, तें 'भारतीयाला भारतीय' या तत्त्वावर नव्हे. उपचार करणारा व घेणारा यांच्यामधला वंशाचा आणि संस्कृतीचा भेद खोलींत उघडपणें बोलला गेला पाहिजे, हें त्यांचें तत्त्व. भेद नसावा असें नव्हे, तर भेद दडपूं नये, असें ते सांगत होते. पुढें १९९८ सालीं टेर्व्हलॉन आणि मरे-गार्सिया या दोघी अमेरिकन डॉक्टर स्त्रियांनीं तेंच अधिक स्पष्ट केलें: दुसऱ्याच्या संस्कृतींत 'पारंगत' झालों असें कोणी म्हणूं नये, तेथें पारंगतपणा नाहीं, आयुष्यभराची नम्रता आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ही नम्रता परक्यानें जितकी बाळगावयाची तितकीच आपल्यानेंही.

कुटुंबाला उपचारांत कोणतें स्थान द्यावें याचा धडा तर आपल्याच एका डॉक्टरांनीं घालून दिला आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रुग्णांच्या नातेवाइकांस रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकून रुग्णाजवळ राहूं दिलें. नातेवाईक शुश्रूषा शिकले, आजार काय आहे हें समजून घेऊं लागले, आणि रुग्ण टाकून दिले जाण्याऐवजीं घरीं परत जाऊं लागले. जो उपचारक कुटुंबाला केवळ शत्रु समजतो, त्यानें ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

परंतु जो कुटुंबाला केवळ देव समजतो, तो त्याहून अधिक घातक. 'आमच्या संस्कृतींत हें चालत नाहीं' हें वाक्य घरांत कोण उच्चारतो, हें एकदां नीट पाहावें. बहुधा ज्याचें घरांत चालतें तोच. अमेरिकेंत एच-वन व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या पत्नीस जो अवलंबिताचा व्हिसा मिळतो, त्यावर पगारी काम करण्याची मोकळीक मुळींच नव्हती. २०१५ सालीं त्यांतल्या कांहीं थोड्या जणींस ती मिळाली. इंजिनियर झालेली मुलगी तेथें चार भिंतींत बसते. बँकेचें खातें पतीचें, मोटार पतीची, राहण्याचा परवाना पतीच्या नोकरीवर टांगलेला. अशा घरांत मारहाण होत असेल, तर कोणत्या संस्कृतीचा मान राखावयाचा? आपल्या समाजांत असें कांहीं घडतच नाहीं, असें समाजाचे पुढारी सांगत असतां, आपल्याच स्त्रियांनीं १९८५ सालीं न्यू जर्सींत 'मानवी' आणि १९८९ सालीं न्यूयॉर्कमध्यें 'सखी' या संस्था स्थापन केल्या. त्याही आपल्या संस्कृतीच्याच लेकी होत्या. संस्कृतीचा आदर म्हणजे घरांतल्या सर्वांत मोठ्या आवाजाचा आदर, असा अर्थ जो उपचारक घेईल, त्याची संवेदनशीलता दुबळ्याच्या जिवावर उठेल. बायकोच्या भेटींत नवऱ्यालाच दुभाषी म्हणून बसविणें, किंवा आजीचें दुःख दहा वर्षांच्या नातवाकडून इंग्रजींत वदवून घेणें, हेही त्याच जातीचे प्रमाद होत.

मग पारख कशानें करावी? पहिली गोष्ट परवान्याची, आणि तेथें भावनेस जागा नाहीं. अमेरिकेंत सामान्यतः रोगी ज्या राज्यांत बसला आहे त्या राज्याचा परवाना उपचारकापाशीं असावा लागतो. पुण्यांतले ओळखीचे समुपदेशक कितीही भले असोत, न्यू जर्सींतल्या रोग्याची रीतसर जबाबदारी ते व्हिडिओवरून घेऊं शकत नाहींत. दुसरी गोष्ट, तो विचारतो कीं नाहीं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालच्या आपल्या नियमग्रंथांत सोळा प्रश्नांची एक मुलाखतच घालून दिली आहे: या त्रासाला तुमच्या घरीं काय म्हणतात, तो कशानें झाला असें तुम्हांला व तुमच्या माणसांना वाटतें, आजवर कोणाकडे गेलां होतां, कशाचा उपयोग झाला. सोळावा प्रश्न तर असा कीं, पार्श्वभूमी निराळी असल्यामुळें आपणां दोघांत गैरसमज होईल अशी शंका तुम्हांस आहे काय? हा प्रश्न जो मनापासून विचारतो त्याचें आडनांव कांहींही असो, तो कामाचा. तिसरी गोष्ट, पहिल्याच भेटींत आपण विचारावें: माझ्या घरच्यांना तुम्ही काय सांगाल, आणि काय सांगणार नाहीं? जिवाला धोका किंवा मुलांचा छळ असल्यास गुप्ततेला मर्यादा असतात. त्या जो आधींच स्पष्ट सांगतो त्यावर विश्वास टाकावा. चौथी गोष्ट, 'मला आईला दुखवावयाचें नाहीं' असें आपण म्हटल्यावर तो त्याला रोग ठरवितो, कीं आज्ञा समजून गप्प बसतो, कीं त्या वाक्याच्या आंत काय आहे हें आपल्याबरोबर पाहूं लागतो? यांतला तिसराच उपयोगाचा. दोन-तीन भेटींत असें कांहीं न दिसल्यास उपचारक बदलावा. त्यांत अपमान कोणाचाच नाहीं.

एक अपवाद आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. उतारवयांत मुलाकडे राहावयास गेलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांना स्वभाषा बोलणाराच हवा. निदान घराबाहेरचा, तयारीचा दुभाषी तरी हवा. तेथें भाषा ही आवड नव्हे, औषध पोटांत जाण्याची वाटच आहे. तसेंच ज्याला आपल्यांतला, आणि वर सांगितलेल्या चारही कसोट्यांस उतरणारा उपचारक मिळेल, त्यानें आनंदानें त्याच्याकडे जावें. आमचा विरोध आहे तो कसोटी सोडून कुळ पाहण्यास, आणि कुळ जमेपर्यंत थांबण्यास. लग्नाला मुहूर्त पाहत थांबलें तर चालतें. मनाचें दुखणें थांबत नाहीं. झोप उडते, नोकरी जाते, मूल अबोल होतें, आणि आपण मात्र 'कोणी मराठी मिळतें का बघूं' म्हणत सहा महिने घालवितों. जिवावर बेतलेली वेळ असेल तर तितकेंही पाहूं नये. अमेरिकेंत २०२२ सालापासून ९८८ हा एवढाच क्रमांक फिरविला तर अशा वेळीं बोलणारें माणूस भेटतें.

येथल्या आईबापांना शेवटीं एवढेंच सांगणें आहे. मुलानें किंवा मुलीनें धीर करून 'मी एका बाईंकडे बोलायला जाते' असें सांगितलें, तर "त्या आपल्यांतल्या आहेत ना?" हा प्रश्न ओठांवर येईल. तो गिळावा, आणि "त्या तुझें नीट ऐकतात ना?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें तुम्ही त्या बाईंची चौकशी करतां. दुसऱ्यानें मुलीची करतां, आणि आजारी मुलगी आहे.